मुलं खेळतात म्हणजे नेमकं काय करतात?

"काय करतोय गं तो दिवसभर?"
"काय करणार! गेम!"

हा संवाद आपल्याकडे दर दुसऱ्या घरात होतो. बचत गटाची बैठक असो, हळदीकुंकू असो, नाहीतर संध्याकाळच्या बदलापूर लोकलमधला लेडीज डबा असो. कर्जाचे हप्ते, भाजीचे भाव, सासूबाईंचे गुडघे हे विषय संपले की गाडी येते ती मुलांच्या मोबाईलवर. आणि तिथे आपल्या सगळ्यांकडे शब्द एकच असतो, 'गेम'. बंदूक घेऊन पळतो तोही गेम, घरं बांधतो तोही गेम, पत्ते लावतो तोही गेम. बघा मैत्रिणींनो, शेजारीण म्हणाली की "आज भाजी केली", तर आपण लगेच विचारतो, "कोणती?" गेमच्या बाबतीत मात्र हा प्रश्न आपल्याला सुचत नाही.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात बायकांच्या गटांबरोबर काम करताना माझ्यापुढे दोन प्रश्न हमखास येतात. "ताई, मोबाईल बंदच करू का?" आणि "मुलगा बिघडेल का हो?" प्रश्न साधे नाहीत. आई सातच्या लोकलने मुंबईला जाते आणि रात्री आठला येते. मधल्या वेळात मूल एकटं असतं. जिथे पूर्वी मोकळं मैदान होतं तिथे सात मजली इमारत उभी आहे. २०२० च्या टाळेबंदीत शाळाच मोबाईलवर आली आणि शाळा परत वर्गात गेली तरी मोबाईल काही परत गेला नाही. अशा वेळी 'बंद करा' किंवा 'चालू द्या' असं एका शब्दात सांगणं म्हणजे नाडी न बघता औषध देणं. आधी खेळ कोणता आणि मूल तो कसं खेळतं, हे बघायला हवं.

आज मला एका खास जातीच्या खेळांविषयी लिहायचं आहे. भूमिका घेऊन खेळायचे खेळ, मुलांच्या भाषेत 'रोल प्लेइंग गेम'. नाव इंग्रजी आहे, पण खेळ आपल्याला परका नाही.

सोंग घेणं आपल्याला नवं नाही

भातुकली म्हणजे काय? एक आई होते, एक बाबा, एक शेजारीण, आणि सगळ्यात धाकट्याला जबरदस्तीने बाळ व्हावं लागतं. पानं म्हणजे पैसे, माती म्हणजे भात. 'राजा, मंत्री, चोर, शिपाई'च्या चिठ्ठ्या आठवतात? हातात आलेली चिठ्ठी म्हणजे तेवढ्या वेळापुरता आपला जन्म. चोर आला तर चेहरा साळसूद ठेवायचा, मंत्री आला तर चोर ओळखायचा. मंगळागौरीच्या पिंग्यात दोघी समोरासमोर उभ्या राहून एकमेकींना टोमणे मारतात, भोंडल्यात सासू-सुनेची सगळी उणीदुणी निघतात. एरवी जे बोलता येत नाही ते खेळात बोलता येतं, म्हणून तर त्या जागरणाला इतकी मजा.

दिवाळीचा किल्ला घ्या. त्यावर वाघ बुरुजाएवढा असतो, मावळा दरवाज्यापेक्षा उंच असतो आणि पायथ्याच्या रस्त्यावरून प्लॅस्टिकची मोटारही जात असते. कुणाला खटकत नाही. पण त्याच मुलाला डोंगरावर गवत मात्र खरं हवं असतं. त्यासाठी आठ दिवस आधी अळीव पेरायचे, रोज पाणी शिंपडायचं. कुठे खरेपणा हवा आणि कुठे नसला तरी चालेल, हे मुलं स्वतःच ठरवतात. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

कागद, पेन्सिल आणि फासे

अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ बाजारात आणला. टेबलाभोवती चार-सहा जण बसतात. एक जण गोष्ट सांगणारा. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं. प्रत्येकाकडे एक कागद, त्यावर आपल्या पात्राचं नाव, ताकद, हुशारी, जवळचं सामान. सांगणारा म्हणतो, "समोर बंद दरवाजा आहे, आतून आवाज येतोय. काय करता?" खेळणारे ठरवतात. जमलं की नाही, हे फासे सांगतात. त्यात वीस बाजूंचाही फासा असतो. 'माझी लेव्हल वाढली' असं मुलं आज मोबाईलवर ओरडतात ना, ते अनुभवाचे गुण साठवून लेव्हल वाढवणं या खेळामुळेच सगळीकडे पसरलं. संगणकावरचे भूमिकेचे खेळ याच झाडाची फांदी.

या खेळाला विरोध करायलाही एक आईच उभी राहिली, हे आपण समजून घ्यायला हवं. अमेरिकेतल्या पॅट्रिशिया पुलिंग यांच्या मुलाने १९८२ मध्ये आपला जीव दिला. तो हा खेळ खेळायचा. त्या माऊलीने खेळालाच दोषी धरलं आणि १९८३ मध्ये त्याच्या विरोधात संघटना काढली. वर्तमानपत्रं, टीव्ही, चर्च सगळीकडे भीती पसरली. पुढे अभ्यास झाले, त्यांत हा खेळ खेळल्यामुळे मुलं जीव देतात असं काही सापडलं नाही. त्या आईला मी नावं ठेवणार नाही. पोटचं मूल गेल्यावर कारण शोधल्याशिवाय आई जगूच शकत नाही. पण कारण चुकीचं धरलं, तर दुसऱ्या एखाद्या घरातल्या मुलाच्या मनात खरं काय चाललंय ते तसंच राहून जातं. म्हणून घाईने खेळाकडे बोट दाखवण्याआधी मुलाकडे बघायचं.

चंदेरीच्या पायथ्याशी

गेल्या मे महिन्यात अंबरनाथला एका सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही चार दुपारी मुलांसाठी ठेवल्या होत्या. कॉलेजात जाणारी एक मुलगी पुढे आली. हा खेळ ती पुण्याच्या मावसभावाकडून शिकली होती. तिने राक्षस-बिक्षस सगळे बाजूला ठेवले आणि गोष्ट रचली आपल्या चंदेरीची. बदलापूर-वांगणीच्या बाजूला लोकलच्या खिडकीतून दिसणारा तो सुळका मुलांना माहीत होताच. गोष्ट अशी : रात्र आहे, पाऊस आहे, पहाटेच्या आत किल्लेदाराला एक खलिता पोचवायचा आहे, आणि वाटेत शत्रूची चौकी आहे. गोष्टीतला गड मनातला, पण मुलांचे डोळे मात्र खरेच मोठे झाले होते.

दहा ते चौदा वयाची सहा मुलं एका सतरंजीवर बसली होती. उल्हासनगरच्या कॅम्पातून आलेला, मोबाईलवरच्या बंदुकीच्या खेळात पटाईत असलेला एक मुलगा पहिल्या मिनिटाला म्हणाला, "मी पहारेकऱ्याला उडवतो." फासे टाकले, पडले तीन. पहारेकऱ्याने शिंग फुंकलं. मोबाईलवर अशा वेळी तो मेला असता आणि अर्ध्या मिनिटात दुसरा डाव सुरू केला असता. इथे पाच जण त्याच्याकडे बघत होते. "तुझ्यामुळे सगळे अडकलो!" बराच वेळ तो गप्प बसला. मग म्हणाला, "मी मुद्दाम पकडला जातो. ते माझ्या मागे येतील. तुम्ही तेवढ्यात वर जा." हॉलमध्ये एकदम शांतता पसरली. हे त्याला कुणी सुचवलं नव्हतं.

एका मुलाने दोर किती हात लांब आहे, कडा किती उंच आहे, ओला दगड किती निसरडा, एवढं विचारून सांगणारीला घाम फोडला. एकीने पहारेकऱ्याचं नाव विचारलं, त्याच्या घरी कोण असतं विचारलं, त्याला भाकरी देऊ का विचारलं. एक जण दर पाच मिनिटांनी विचारत होता, "माझे गुण किती झाले?" आणि बारा वर्षांच्या एका मुलीने हेर व्हायचं ठरवलं. पात्राचा कागद भरताना तिने हळूच विचारलं, "हेराला रात्री उशीर झाला तर घरी कुणी विचारत नाही ना?" सगळे हसले. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ही मुलगी शाळेतून आली की भांडी घासते, धाकट्या भावाला सांभाळते. भाऊ खेळायला जातो, तिचं खेळणं कधीच संपलंय. मोबाईलमुळे मुलगे बिघडतील याची काळजी आपण करतो. पण मुलींना खेळायला किती वेळ मिळतो, याची चर्चा मी आजवर एकाही लेडीज डब्यात ऐकलेली नाही.

बदाम, चौकट, इस्पिक, किलवर

त्या सतरंजीवर जे दिसलं त्यावर एका माणसाने फार पूर्वीच विचार करून ठेवला आहे. इंग्लंडमध्ये एसेक्स विद्यापीठात १९७८ मध्ये रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांच्या हातून एक खेळ तयार झाला. अनेक जणांनी आपापल्या संगणकावर बसून एकाच काल्पनिक जगात वावरायचं, असा. चित्र नाही, सगळा मजकूर. त्यातली माणसं बघून बार्टल यांनी १९९६ मध्ये एक लेख लिहिला आणि खेळणाऱ्यांचे चार प्रकार पत्त्यांच्या रंगांवरून सांगितले.

चौकट म्हणजे खजिना, गुण, बक्षीस मिळवणारे. 'माझे किती झाले' विचारणारे. इस्पिक म्हणजे खणून बघणारे. इस्पिकाला इंग्रजीत जो शब्द आहे त्याचा एक अर्थ कुदळ-फावड्यातला आहे. यांना जिंकण्यापेक्षा 'हे असं का' यात रस. बदाम म्हणजे माणसांसाठी खेळणारे. खेळ हे निमित्त, गप्पा खऱ्या. आणि किलवर म्हणजे सोटा, दुसऱ्याला हरवण्यात, छळण्यात मजा घेणारे. एकच माणूस कधी एका रंगाचा तर कधी दुसऱ्या रंगाचा असतो, पण बहुतेकांचा एक हुकूम ठरलेला असतो.

आपल्याकडे मंगळागौर जागवायला जमलेल्या बायका डोळ्यांपुढे आणा. एक फुगड्या मोजते. एक विचारते, "हा प्रकार तुमच्या गावाकडे कसा खेळतात?" एक कोपऱ्यात बसून सगळ्यांची ख्यालीखुशाली घेते. आणि एक समोरचीला चक्कर येईपर्यंत सोडत नाही! चारही रंग हजर.

याचा आईला उपयोग काय? सांगते. त्या बंदुकवाल्या मुलाची आई जीन्सच्या कारखान्यातून आणलेले धागे कापायचं काम घरी करते. ती म्हणायची, "सारखा मारामारी करतो ताई, मोबाईल विकूनच टाकते." मी तिला म्हटलं, आठ दिवस नुसतं त्याच्या शेजारी बस, ओरडू नकोस, तो काय बोलतो ते ऐक. आठ दिवसांनी तिने येऊन सांगितलं की तो रोज संध्याकाळी एकाच मुलाबरोबर खेळतो. तो मित्र दोन वर्षांपूर्वी उल्हासनगर सोडून बदलापूरला राहायला गेला. कानात वायर घालून दोघं गोळ्या झाडता झाडता शाळेतल्या बाईंबद्दल बोलतात, एकाचे आईबाबा भांडतात त्याबद्दल बोलतात. म्हणजे वरून किलवर दिसणारा पोरगा मुळात बदाम निघाला. आता खेळाची वेळ एक तास ठरली आहे आणि महिन्यातून एक रविवार तो ट्रेनने मित्राकडे जातो. एका दुपारने किंवा आठ दिवसांनी मुलगा पूर्ण बदलला असं मी म्हणणार नाही. तो अजूनही खेळतो, कधी कधी तास उलटून जातो, घरात आवाजही चढतात. पण मोबाईल विकला असता तर त्याचा एकुलता एक मित्र विकला गेला असता, हे तिला कळलं.

कच्चं लिंबू

आता आव्हानाविषयी. लपाछपीत लहान भावंडाला आपण 'कच्चं लिंबू' करायचो. त्याच्यावर राज्य येत नाही, पण ते खेळात असतं. किती शहाणपणाची युक्ती आहे ही! खेळ मोठ्यांसाठी तितकाच कठीण राहतो आणि लहानगं रडत घरी जात नाही.

मिहाय चिक्सेंटमिहाय या हंगेरियन वंशाच्या मानसशास्त्रज्ञाने माणूस कामात रंगून कधी जातो याचा अभ्यास केला, १९७५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्याचं सार आपल्या स्वयंपाकघरातलं आहे. काम फार सोपं असेल तर कंटाळा येतो, फार अवघड असेल तर धास्ती वाटते. दोन्हींच्या मध्ये, आपल्या कुवतीपेक्षा जरासं पुढचं काम मिळालं की माणूस भूक-तहान विसरतो. पहिल्यांदा पोळी गोल झाली तो दिवस आठवा. आज रोजच्या वीस पोळ्या लाटताना तसं वाटतं का?

संगणकावरचे खेळ बनवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. 'माइनक्राफ्ट' या चौकोनी ठोकळ्यांच्या खेळात तर शांत, सोपं, मध्यम, कठीण अशा पायऱ्याच आहेत, आणि एकच जीव मिळेल असाही एक प्रकार आहे. काही मुलांना फक्त घरं बांधायची असतात, ती शांत पायरीवर रमतात. काहींना एकच जीव हवा असतो, कारण हरण्याची भीती नसेल तर जिंकण्यात चव नाही. यात बरोबर-चूक काही नाही. आपल्या मुलाने कोणती पायरी निवडली आहे, एवढं विचारा. सतत सोपंच निवडणारं मूल कदाचित शाळेत रोज हरत असेल आणि घरी त्याला हरायचं नसेल. शाळेत सगळं सोपं जाणारं मूल खेळात मुद्दाम अवघड शोधत असेल.

टेबलावरच्या खेळात ही पायरी माणूस ठरवतो. त्यामुळे खेळणाऱ्यांत एक जुना वाद आहे. फासे वाईट पडले आणि मुलाचं लाडकं पात्र मरायची वेळ आली, तर गोष्ट सांगणाऱ्याने फासे लपवून 'वाचलास' म्हणावं का? काही म्हणतात, खोटं बोललात तर खेळात अर्थ काय राहिला. काही म्हणतात, मजा घालवण्यात तरी काय अर्थ. आमच्या त्या कॉलेजकन्येने मधला मार्ग काढला होता. फासे सगळ्यांसमोर टाकायचे, लपवायचे नाहीत. पण हरलं म्हणजे मेलं असं नाही. हरलं की अडचण वाढते, गोष्ट वळण घेते. मला हे फार आवडलं. मुलांना हरण्यापासून वाचवण्यापेक्षा हरल्यावर पुढे काय करायचं, हे खेळातच शिकलेलं बरं.

खरं किती आणि खोटं किती

"हल्लीचे गेम अगदी खरे वाटतात हो, त्याचीच भीती वाटते," असं बऱ्याच जणी म्हणतात. पण खरेपणा दोन तऱ्हेचा असतो. एक डोळ्याला दिसणारा आणि दुसरा परिणामांचा.

२०१८ मध्ये आपल्याकडे घरोघर पोचलेला 'पबजी' घ्या. तो काटेकोरपणे भूमिकेचा खेळ नव्हे, लढाईचा खेळ. शंभर जण एका बेटावर उतरतात, शेवटी उरेल तो जिंकतो. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये त्यावर बंदी घातली. २०२१ च्या जुलैमध्ये भारतासाठीची वेगळी आवृत्ती आली, २०२२ मध्ये तीही थांबवली गेली आणि मे २०२३ मध्ये परत आली, तेव्हा अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला ३ तासांची मर्यादा घालून. त्यातल्या बंदुका खऱ्या बंदुकांसारख्या दिसतात, त्यांची नावं पोरांना पाढ्यांसारखी पाठ. पण गोळी लागली तर? चार सेकंद पट्टी बांधली की माणूस पळायला लागतो. चित्र खरं, परिणाम खोटा.

चंदेरीच्या गोष्टीत चित्र काहीच नव्हतं. एक सतरंजी, कागद, फासे. पण शिंग वाजल्यावर पाच मैत्रांचे चेहरे पडले ते खरे होते. पहारेकऱ्याला नाव मिळाल्यावर त्याला मारायला कुणी तयार होईना, तेही खरं होतं. चित्र नाही, पण परिणाम खरा. आपल्या मोक्षपटाचंही असंच. आजच्या सापशिडीचा तो पूर्वज, परंपरेने तो ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला जातो. पटावर नुसती घरं आणि कवड्या किंवा फासे, पण साप म्हणजे दुर्गुण आणि शिडी म्हणजे सद्गुण. खेळून उठल्यावर विचार करायला काहीतरी उरतं.

म्हणून 'किती खरं दिसतं' यापेक्षा 'केल्याचं काय होतं' हा प्रश्न मोलाचा. संगणकावरही चांगली उदाहरणं आहेत. पुण्याच्या एका कंपनीने २०२० मध्ये 'राजी' नावाचा खेळ आणला. भूमिकेच्या खेळाचाच चुलतभाऊ म्हणा. त्यात असुरांनी पळवून नेलेल्या धाकट्या भावाला शोधायला बहीण निघते. जुने महाल, कोनाडे, देवांच्या कथा, सगळं आपल्या मातीतलं. आणि लढायला मुलगी पुढे आहे!

पैसा मात्र खरा

एका ठिकाणी मात्र मला कडक बोलायचं आहे. खेळातली नाणी खोटी असली तरी ती विकत घेतलेले रुपये खरे असतात. पात्राला नवा पोशाख, बंदुकीला नवा रंग, आत काय निघेल ते माहीत नसलेल्या पेट्या. ही पेटी म्हणजे आव्हान नाही, सोडतीचं तिकीट आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबईच्या उपनगरातल्या सोळा वर्षांच्या एका मुलाने आईच्या खात्यातून अशा खेळावर जवळजवळ १० लाख रुपये घालवल्याची आणि रागावल्यावर घर सोडल्याची बातमी आली होती. तो सुखरूप सापडला. आमच्याच एका गटातल्या बाईंचे भिशीचे आठ हजार असेच गेले. मुलाला पिन माहीत होता, कारण दुकानातलं सामान तोच आणायचा.

तेव्हा तीन गोष्टी आजच करा. पैसे पाठवायचा पिन मुलांना माहीत असेल तर बदला. ॲपच्या दुकानात प्रत्येक खरेदीला पासवर्ड विचारला जाईल अशी सोय असते, ती चालू करा. आणि बँकेचे मेसेज ज्या नंबरवर येतात तो फोन मुलाच्या हातात नको. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला. पण पोशाख, पेट्या विकत घेणं ही निराळी गोष्ट आहे, त्यामुळे 'आता कायदा आलाय' म्हणून निर्धास्त राहू नका. फसवणूक झाली असेल तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करा.

आणि आजार कधी म्हणायचा? जागतिक आरोग्य संघटनेने गेमच्या विकाराला आजारांच्या यादीत घेतलं, ती यादी जानेवारी २०२२ पासून लागू झाली. पण त्यांच्या खुणा नीट वाचा. खेळण्यावर ताबा उरत नाही, बाकी सगळ्यापेक्षा खेळ मोठा होतो, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही, आणि हे साधारण वर्षभर चालतं. दोन तास खेळलं म्हणजे आजार नव्हे. पण जेवण, झोप, शाळा, मित्र सगळं सुटलं असेल, मूल सतत उदास किंवा हिंसक होत असेल, तर वर्षाची वाट बघू नका. १४४१६ हा सरकारचा मानसिक आरोग्याचा मोफत क्रमांक आहे, तिथे आई स्वतःसाठीही बोलू शकते.

घरी करून बघा

शेवटी एक काम देते. खर्च शून्य. सापशिडीच्या डब्यातला फासा काढा, शेजारणीकडून दुसरा आणा. प्रत्येक मुलाला एक कागद द्या. त्यावर पात्राचं नाव, त्याला चांगली येणारी दोन कामं आणि एक खोड लिहायला सांगा. खोड हवीच, तिच्यातूनच गोष्ट रंगते. एकीने सांगायला बसायचं. गोष्ट आपल्या ओळखीची घ्या : पुरात अडकलेली लोकल, मलंगगडावर हरवलेली शेळी, लग्नाच्या आदल्या रात्री गायब झालेले दागिने.

कुणी काही अवघड करू पाहिलं की दोन्ही फासे टाकायचे. बेरीज ९ ते १२ आली तर जमलं. ६ ते ८ आली तर जमलं, पण काहीतरी किंमत मोजावी लागली. २ ते ५ आली तर फसलं, अडचण वाढली. दोन फाशांचे ३६ जोड होतात. त्यांतले १० पूर्ण यशाचे, १६ मधले, १० अपयशाचे. म्हणजे आयुष्यासारखंच, सगळ्यात जास्त वेळा 'झालं, पण...' जे काम त्या पात्राला चांगलं येतं, तिथे बेरजेत एक मिळवा. तेवढ्याने यशाचे जोड १० चे १५ होतात आणि अपयशाचे १० चे ६. लहान मूल असेल तर दोन मिळवा, आपलं कच्चं लिंबू!

नियम दोनच ठेवा. सांगणारीने कुणाचं म्हणणं 'असं नसतं' म्हणून उडवायचं नाही, 'बरं, मग काय होईल?' असं विचारायचं. आणि घरातल्या मुलीला खेळाच्या मध्येच चहा टाकायला उठवायचं नाही. चहा अर्धा तास उशिरा झाला तरी चालतो.

खेळताना बघत राहा. कोण गुण मोजतो, कोण खणतो, कोण माणसं जोडतो, कोण सोटा चालवतो. हरल्यावर कोण रुसतं, कोण नवी वाट काढतं. प्रगतिपुस्तकात न दिसणारं बरंच काही तासाभरात दिसतं. शनिवारी रात्री टीव्ही बंद करून एकदा बसाच. आणि हो, तुम्ही नुसत्या सांगत बसू नका. एक कागद स्वतःसाठीही घ्या. तुम्हाला कोण व्हायला आवडेल, हे तुम्हाला शेवटचं कुणी कधी विचारलं होतं?